दसऱ्याची प्लेट

माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत एकतीस वर्षं काढली की मत असंच होतं. आमची कंपनी शेतीसाठी जैविक खत बनवते, म्हणजे पांढऱ्या पावडरीत जिवाणू मिसळून पिशव्यांत भरते आणि पिशवीवर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो छापते. फोटोतला शेतकरी मुलुंडचा मॉडेल आहे. त्याने आयुष्यात कुंडीलासुद्धा पाणी घातलं नसेल.

मी डॉ. स्वानंद केळशीकर, राहणार डोंबिवली पूर्व, संशोधन विभागाचा प्रमुख. विभागात माणसं तीन. एक मी. दुसरी देवयानी, जी ठाकुर्लीहून येते आणि जिला पीएचडी झाल्यापासून सगळं कळतं. तिसरा गणू भोईर. तो काचसामान धुतो, ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा मोठा कुकर, लावतो, आणि बावीस वर्षांत सोमवारी कधी दाढी करून आल्याचं मला आठवत नाही. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर मालकाचा मुलगा साकेत, वय चौतीस, शिक्षण एमबीए. तो जिवाणूंना 'आपले छोटे सैनिक' म्हणतो. मी त्याच्यासमोर हसतो आणि जिना उतरताना तोंडातल्या तोंडात शिव्या देतो.

एकतीस वर्षांत मी एकच गोष्ट शोधली. नऊ वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या आत, खाडीच्या बाजूला एका शेतातल्या मातीतून मला एक जिवाणू मिळाला, स्ट्रेप्टोमायसिस जातीचा. दिसायला बुरशीसारखा. वरून राखाडी भुकटी, खालून लालभडक, आणि तो वाढवायच्या काचेच्या बशीचं, म्हणजे प्लेटचं, झाकण उघडलं की ओल्या मातीचा वास. मातीला जो वास येतो तो मुळात ह्या जिवाणूंचा असतो. लोकांना हे ठाऊक नसतं, लोक त्याच्यावर कविता करतात. तर हा जिवाणू हळदीचे कंद कुजवणाऱ्या बुरशीला जवळ फिरकू देत नसे. प्लेटवर त्याच्याभोवती बोटभर रुंद मोकळं रिंगण पडायचं. मी त्याला 'एस-के-नऊ' असं नाव दिलं. एस-के म्हणजे कोण, हे सांगायला नको.

ह्या वर्षी सांगलीकडच्या एका मोठ्या हळदवाल्यांनी कळवलं की दसऱ्यानंतरच्या सोमवारी आम्ही एस-के-नऊ बघायला येतो. रिंगण दिसलं की तो शेकडो एकरांत जाणार होता. नाही दिसलं तर संशोधन विभागाच्या जागी पॅकिंगचं दुसरं मशीन बसवायचं, असं साकेतने मला गोड शब्दांत सांगितलं. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, त्यामुळे मशीनची मला भीती नव्हती. पण एस-के-नऊ गेला, तर मी एकतीस वर्षं केलं काय, ह्याचं उत्तर माझ्यापाशी उरलं नसतं.

ऑगस्टमध्ये मी सरावाची चाचणी लावली. पाच दिवसांनी झाकण उघडलं, तर रिंगण नाही. बुरशी सरळ एस-के-नऊच्या अंगावरून चालत पलीकडे गेली होती. दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. तेच.

आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढे तेच माझ्या गळ्याशी आलं. ह्या जिवाणूत आठेक हजार जनुकं असतात. त्यातली जवळजवळ हजार स्वतः काहीच घडवत नाहीत. त्यांचं काम एकच, दुसऱ्या जनुकांना गप्प बसवायचं किंवा कामाला लावायचं. त्यांची चक्क घराणी आहेत. टेट-आर नावाचं एक मोठं घराणं आहे. त्यातलं प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसतं आणि पुढच्या जनुकांना काम करू देत नाही. ठरावीक रेणू येऊन चिकटला की मगच ते उठतं. हा पहारा लागतो, कारण बुरशीनाशक बनवणं जिवाणूला परवडत नाही. रोज बनवत बसला तर उपाशी मरेल. एकूण हजार साहेब आणि सात हजार कामकरी. मला हे जग पहिल्यापासून आवडत आलं आहे. तिथल्या साहेबांना निदान काम कळतं.

माझा निष्कर्ष तयार होता. टेट-आर घराण्यातला कुठलातरी पहारेकरी बिघडला आहे आणि जागेवरून उठेनासा झाला आहे. तो शोधायचा, ते जनुक कापून काढायचं, की एस-के-नऊ पुन्हा बोलू लागेल. मी सहा पानांचं टिपण लिहिलं. फार सुंदर टिपण होतं.

"सर, आधी पूर्ण जीनोम सीक्वेन्स करून घेऊया ना," देवयानी म्हणाली. "म्हणजे काय बिघडलंय ते डायरेक्ट दिसेल."

"हल्ली तुम्हा लोकांना यंत्रात घातल्याशिवाय विचारच करता येत नाही," मी म्हटलं. पण साकेतला 'जीनोम' हा शब्द आवडला आणि त्याने परवानगी देऊन टाकली.

परवानगी देता देता त्याने मला विचारलं, "पण सर, चूक कोणाची? बाबा विचारतील. काहीतरी रायटिंगमध्ये द्या."

मी त्याच दुपारी लिहून दिलं. 'प्रयोगशाळा सहायक श्री. गणू भोईर यांच्या निष्काळजीपणामुळे मूळ जिवाणू दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' एकीकडे पहारेकरी बिघडला म्हणायचं आणि दुसरीकडे दूषित झाला म्हणायचं, ही दोन्ही कारणं एकदम खरी असणं कठीण होतं. मला त्याची काही अडचण वाटली नाही. दुसऱ्या दिवशी गणूला खाली पॅकिंगमध्ये पाठवलं. तिथे दिवसभर पावडर उडते आणि नाकातोंडाला फडकं बांधून पिशव्या सील कराव्या लागतात. वर्षअखेरीस त्याला घरी बसवायचं, असंही साकेतने ठरवून टाकलं.

जाताना गणू दारात थांबला. "सर, मी सांगत होतो ना दर वर्षी. वास कमी झालाय बोलून. मागच्या साली तर आलाच नाय."

"तुझं काम बाटल्या धुवायचं," मी म्हटलं. "वासच घ्यायचा असेल तर मी कुत्रा पाळीन."

हे मी बोललो. देवयानीसमोर बोललो. ती मायक्रोस्कोपवरून मान वर न करता तशीच बसून राहिली.

गणपती विसर्जनाच्या दोन दिवसांनी सीक्वेन्स आला. देवयानीने प्रिंट काढून माझ्या टेबलावर पसरले.

"स्ट्रेन तोच आहे, सर. दूषित-बिषित काही झालेलं नाही. पण हे बघा." तिने पेन्सिलीने एक जागा दाखवली. ह्या जिवाणूंचं गुणसूत्र दोरीसारखं लांब असतं आणि त्याची टोकं कच्ची असतात. आमच्या एस-के-नऊचं एक टोकच गळून गेलं होतं. बुरशीनाशक बनवणारी जनुकं त्याच टोकाला होती, आणि त्यांना कामाला लावणारं मुख्य जनुकही तिथेच.

"आणि टेट-आर?" मी विचारलं.

"तुमचा पहारेकरी एकदम ठणठणीत आहे, सर. तो ज्या घरावर पहारा देत होता ते घरच गेलंय."

माझं सहा पानांचं टिपण त्याच टेबलावर पडलेलं होतं. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

"आणखी एक गोष्ट आहे," ती म्हणाली. भुकटी धरायला लावणारी जी जनुकं असतात, त्यांतलं एक नियामक जनुकही फुटलं होतं. ते बिघडलं की वसाहत, म्हणजे प्लेटवरचा जिवाणूंचा ठिपका, गुळगुळीत राहते, भुकटी धरत नाही, वासही सोडत नाही. शास्त्रात अशा वसाहतींना सरळ टकल्या म्हणतात. "हे एका फटक्यात झालेलं नाही. प्रत्येक प्लेटवर एखाददुसरी टकली वसाहत येतेच, तिला कोणी विचारत नाही. पण इथे वर्षानुवर्षं कोणीतरी मुद्दाम तीच उचललीय आणि तिचीच पुढची पिढी वाढवलीय. कोणी?"

"गणूने. आणखी कोणी?"

ती उठली आणि बाहेर रिसेप्शनकडे गेली. परत आली ती भिंतीवरच्या तसबिरी काखोटीला मारूनच. एकूण आठ.

दसऱ्याला सगळं वागळे इस्टेट आपापली यंत्रं धुऊनपुसून पूजतं. लेथला झेंडूचे हार पडतात, कंप्रेसरला हळदकुंकू लागतं. आमच्याकडे ऑटोक्लेव्हची पूजा होते. त्या पूजेत एस-के-नऊची प्लेट मांडायची प्रथा माझी. शोध लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी मी ती सुरू केली. नुसती मांडायची नाही, तर मुहूर्त साधून त्याच प्लेटवरून नव्या कुप्या भरायच्या, त्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि गेल्या वर्षीच्या जुन्या कुप्या शिजवून फेकून द्यायच्या. जुनं ठेवून जागा अडवायची नाही, हा माझा नियम होता. सगळं झालं की प्लेट हातात घेऊन मालकांबरोबर फोटो.

दुसऱ्या वर्षी साकेत नवीनच आला होता. त्याने पूजेत नाक मुरडलं. "सर, ये क्या, गटरसारखा वास येतोय." त्याच्यावर ढकलणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर ती राखाडी भुकटी आणि तो चिखलाचा वास मलाही कधी आवडला नव्हता. शोध माझा, पण दिसायला गावठी. तेव्हापासून पूजेला मी त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारी वसाहत निवडून तिची प्लेट करायला लागलो. फोटोत बरी दिसावी म्हणून.

देवयानीने आठही तसबिरी ओळीने मांडल्या. पहिल्या फोटोत प्लेट राखाडी, भुरकट, कडेने लाल. तिसऱ्यात ठिकठिकाणी डाग विरलेले. पाचव्यात लाल रंग नाहीच. आठव्यात ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी चकचकीत. आणि आठही फोटोंत प्लेट माझ्या हातात, कॅमेऱ्याला नीट दिसावी म्हणून जरा तिरकी धरलेली, आणि मी हसतो आहे. गणू कडेला झेंडूची टोपली घेऊन उभा. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, तो एकटा प्लेटकडे बघत होता.

देवयानी काही बोलली असती तर मला तिच्यावर खेकसता आलं असतं. ती बोलली नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आलो होतो.

"फ्रीझरमध्ये पहिल्या वर्षीची एखादी कुपी?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. दर दसऱ्याला शिजवतो आपण."

"मग मूळ माती?"

मूळ मातीवर बत्तीस मजली टॉवर उभा आहे. सहा वर्षांपूर्वी ती जमीन बिल्डरला गेली. मी ज्या बांधावरून माती उचलली होती, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास सडून आलेले आयटीवाले त्यात डुंबतात.

"जमीन कोणाची होती, सर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "गणूच्या आईची."

तो दिवस मला नीट आठवत होता, फक्त मी तो कधी कोणाला सांगितला नव्हता. मी शेताच्या मधोमध पिशवी उघडून बसलो होतो. ठमाबाई, गणूची आई, बांधावरून ओरडली, "थयली, मदली माती नको नेव. बांधाजवलची ने. तिकरची वांगी कवाच मरत नाय." म्हणून मी बांधाजवळची घेतली. शोधनिबंधात मात्र 'सहज निवडलेला नमुना' असं लिहिलं. तिने चहा पुढे केला होता, तोही घेतला नाही. भांडी कशी घासलेली असतील कोण जाणे, असं मला वाटलं होतं.

मी खाली पॅकिंगमध्ये गेलो. गणूच्या भुवयांवर पांढरी पावडर बसली होती. मी नेहमीच्या हुकमी आवाजात सुरुवात केली आणि जुन्या शेतातल्या मातीपर्यंत येऊन अडखळलो. पण त्याला कळलं.

"माती हाय," तो फडकं सोडत म्हणाला. "जमीन गेली तेव्हा आईनी चार गोणी भरून ठेवलेली, मग वर आणली, बिल्डिंगमध्ये. रंगाच्या ड्रमात अळू लावलाय. पण ती माझी नाय, सर. तिला विचारा."

रविवारी मी आणि देवयानी गेलो. टॉवरच्या दारात कारंजं, संगमरवर, आणि आम्हाला सलाम करायचा की अडवायचं हे ज्याला ठरवता येत नाही असा वॉचमन. जमीनमालकांची विंग मागच्या बाजूला, कचऱ्याच्या खोलीला लागून. चौदाव्या मजल्यावर गणूने दार उघडलं. दिवाणखान्यात सोफा एवढा मोठा की माणसं त्याला वळसा घालून चालतात, त्याच्यावर अजून दुकानाचं प्लास्टिक, आणि ठमाबाई लुगड्याचा काचा मारून खाली फरशीवर. पितृपक्ष चालू होता. ती वडीसाठी अळूच्या पानांच्या शिरा तासत होती. गणूची मुलगी निशा, कॉलेजात जाणारी, मोबाइल बघत च्युइंगम चघळत होती.

"आयलास?" ठमाबाई म्हणाली. ती सगळ्यांनाच एकेरी बोलते. "बस. खाली बस, सोफ्यावर प्लास्टिक हाय, घाम येतो."

मी खाली बसलो. गुडघा वाजला. मग लहान मुलांना सांगतात तसं मी सुरू केलं, "आजी, मातीत ना, बारीक बारीक जीव असतात..."

"ठाव हाय मना. गणू सांगतो. तुजा लाल जीव आता लाल ऱ्हायला नाय. काय झायला त्याला?"

मी सांगितलं. आठ हजार जनुकं, त्यातली हजार कशी असतात तेही सांगितलं. ह्या विषयावर मी चांगला बोलतो. "म्हणजे ती स्वतः काही करत नाहीत. दुसऱ्यांच्या वर बसतात आणि त्यांना गप्प ठेवतात."

"म्हंजी तू," ठमाबाई म्हणाली. तिने पानावरून हातही उचलला नाही.

निशा मोबाइलमध्ये तोंड घालून खुदकन हसली. देवयानीने छताकडे बघितलं.

"माजा गणू दर साली तुना सांगं, वास गेला, वास गेला. तू बोलू दिलास त्याला? आन वरून कागद लिवलास. माज्या पोऱ्यानी नासवला म्हनून."

"तसं नाही, आजी. मी फक्त शक्यता..."

"तो कागद फाड. मंग माती ने."

"तो ऑफिसच्या फाइलला लागलाय. फाडता येणार नाही."

"मंग दुसरा लिव. इकरंच लिव."

मला उठून जावंसं वाटलं. शाळेची पायरी न चढलेली बाई मला फरशीवर बसवून निबंध लिहायला सांगत होती. गणू बाल्कनीत आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि अळूचं पिवळं पान खुडत होता. त्याच्यामागे तो ड्रम दिसत होता, निळा, वर रंगाचे ओघळ. माझं सगळं आयुष्य त्या ड्रमात होतं. निशाने वहीतलं एक पान फाडून दिलं आणि पेन दिलं. पेनाला गुलाबी गोंडा होता.

मी लिहिलं. निशाने मोठ्याने वाचून दाखवलं, "एस-के-नऊ या जिवाणूच्या निवडीत काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे."

"कोनाची?" ठमाबाईने विचारलं.

"लिहिलं नाय, आजी. असंच झालं, आपोआप, असं लिहिलंय."

ठमाबाईने नवीन पान घेतलं, म्हणजे अळूचं. निशाने दुसरं पान फाडलं, म्हणजे वहीचं. चीड येत होती, आणि इतका वेळ ती नेमकी कोणावर येते आहे ते मला नीट ठरवता येत नव्हतं. आता ठरलं.

निशाने च्युइंगम एका गालात सारलं आणि वाचलं, "आठ वर्षं दसऱ्याची प्लेट मी निवडली. दिसायला चांगली हवी म्हणून चुकीची निवडली. वास गेल्याचं गणू भोईर दर वर्षी सांगत होता. मी ऐकलं नाही. जिवाणू माझ्यामुळे गेला, त्याच्यामुळे नाही. त्याच्याविरुद्ध मी लिहिलेला कागद खोटा आहे." एवढं वाचून तिने माझ्याकडे बघितलं. "झालं. एवढंच हाय."

"सही?"

"सही नाय केली, आजी."

मी विसरलो होतो, असं मी म्हणालो. तिथे कोणाचाही त्याच्यावर विश्वास बसला नाही, आणि माझाही फारसा नव्हता. मी सही केली.

मग उठलो आणि लक्षात आलं की मी माती न्यायला आलो आहे, पण पिशवी आणलेलीच नाही. गणूने शर्टाच्या खिशातून निर्जंतुक पिशव्यांचं पाकीट काढलं. शुक्रवारीच त्याने ते लॅबमधून मागून घेतलं होतं, देवयानीकडून. त्याने ड्रममधली वरची माती बाजूला केली, वीतभर खोल, अळूच्या मुळांपासची माती काढली आणि पिशवी बंद करून माझ्या हातात दिली.

"वडी खाऊन जा," ठमाबाई म्हणाली.

मी खाल्ली. दोन खाल्ल्या. घशाला थोडी खाजली, पण मी तसं बोललो नाही.

सोमवारी कागद साकेतपुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला. "सर, इतकं इमोशनल कशाला लिहायचं? एक ई-मेल केला असता." अशा माणसाला काय सांगायचं? गणू मात्र त्याच दुपारी वर आला, आणि वर्षअखेरीचं घरी बसणंही साकेतने निमूट रद्द केलं. गणूने आधी बेसिन घासलं, कारण पंधरा दिवसांत आम्ही दोघांनी त्याचं पार गटार केलं होतं.

आम्ही त्या मातीच्या दोनशे प्लेटा लावल्या. आठव्या दिवशी गणू एकेका प्लेटचं झाकण जरासं उचलून नाक नेत होता. मला ते शास्त्रीय वाटत नव्हतं. देवयानी भिंगातून बघत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. साठ-सत्तर प्लेटा झाल्यावर गणू थांबला. त्याने एक प्लेट बाजूला काढली, मार्करने तिच्या झाकणावर 'ठमा' असं लिहिलं आणि पुढची घेतली. राखाडी भुकटीचा एक ठिपका होता. मी प्लेट उलटी करून बघितली, तर खालून लाल.

आता नोंदवहीत त्याचं नाव 'एस-के-दहा' असं घालायला हवं होतं. मी वही उघडलीही. मग बंद केली. झाकणावर होतं तेच राहिलं.

देवयानीने लगेच बुरशीसमोर चाचणी लावली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघितलं तर रिंगण पडलेलं होतं. बोटभर. मी ते पट्टीने तीन वेळा मोजलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

दसऱ्याला ऑटोक्लेव्हला हार घातले. साकेत रेशमी कुर्ता घालून आला, बरोबर फोटोग्राफर. त्याने पूजेतली प्लेट बघितली आणि त्याचं नाक त्याच जुन्या ठिकाणी मुरडलं.

"सर, ही नको ना. कसली घाण दिसतेय, आणि वास मारतेय. फोटो वेबसाइटवर जाणार, सोमवारी पाहुणे बघतील. ती चकचकीतवाली घ्या, मागच्या वेळची." तो शेल्फवरच्या टकल्या प्लेटकडे बोट दाखवत होता.

सात वर्षं मी ह्या माणसासमोर हसत आलो होतो. "ज्याला वास सोसत नसेल त्याने बाहेर उभं राहावं," मी म्हटलं.

तो ओरडेल असं वाटलं. पण त्याने घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि खरंच बाहेर जाऊन उभा राहिला. देवयानीने ह्या वेळी जुन्या कुप्या फेकल्या नाहीत. नव्यांच्या शेजारी ठेवल्या.

"प्लेट कोण धरणार, सर?" फोटोग्राफरने विचारलं.

माझा हात सवयीने पुढे गेलेलाच होता. गणू कडेला झेंडूची टोपली घेऊन उभा होता आणि प्लेटकडे बघत होता. मी त्याच्या हातातून टोपली घेतली.

सोमवारी हळदवाल्यांना रिंगण दिसलं, विभाग जागेवर राहिला. फोटो भिंतीवर लागला आहे. मधोमध गणू, हातात प्लेट, दाढी वाढलेली. मी कडेला टोपली धरून. माझा चेहरा वाकडा आला आहे, कारण तो वास मला अजूनही सहन होत नाही. पण मी बाहेर गेलो नाही.